मंडळीचा कारभार

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की दहा-बारा किलोमीटरवर कुंभारी येते. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे गाव आता नुसतं गाव राहिलेलं नाही. 2006 मध्ये इथे विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाची 10 हजार घरांची वसाहत झाली. पुढे रे नगरचा 30 हजार घरांचा प्रकल्प आला आणि त्यातल्या 15 हजार घरांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 रोजी कामगारांना मिळाल्या. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या, शिलाई मशीनवर बसणाऱ्या, भंगार वेचणाऱ्या माणसांचं अख्खं शहर माळावर उभं राहिलं. अशा वसाहतीत पाणी, रस्ते आणि बस यांची चर्चा पहिल्या दिवसापासून होते. माणसं आपली श्रद्धा बिऱ्हाडासोबत कशी हलवतात, याकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही.

एखादं ख्रिस्ती कुटुंब शहर सोडून अशा लांबच्या वसाहतीत गेलं की त्याच्यापुढे पहिला प्रश्न येतो तो रविवारचा. सभासदपटावर नाव आहे ते शहरातल्या जुन्या मंडळीत. मुलांचे बाप्तिस्मे तिथे झाले, आजोबांना तिथल्याच दफनभूमीत ठेवलं. पण घरातल्या चौघांनी दर आठवड्याला जाऊन यायचं म्हणजे रिक्षाच्या भाड्यातच एका दिवसाची मजुरी जाते. मग आधी शेजारची दोन-तीन घरं शोधली जातात. बुधवारी किंवा शुक्रवारी दिवेलागणीनंतर कुणाच्या तरी बाहेरच्या खोलीत सतरंजी पडते. एकाकडे गीतांचं पुस्तक असतं, दुसऱ्याकडे ढोलकी, तिसऱ्या घरातून चहा येतो. मुलीचा दहावीचा निकाल, सासूचं डोळ्याचं ऑपरेशन, बंद पडलेला कारखाना, सगळ्यांची नावं घेऊन प्रार्थना होते. पाळक महिन्यातून एकदा येऊन गेले तरी पुरतं. मंडळीचा जन्म साधारण असाच होतो. इमारत आणि घंटा झालीच तर पुष्कळ नंतर.

धर्माच्या दृष्टीनेही यात काही उणं नाही. दोघे-तिघे आपल्या नावाने जमतील तिथे आपण असू, असं येशूने सांगितल्याचं मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. पहिली दोन-अडीच शतकं ख्रिस्ती माणसं घरांतच जमत. सीरियातल्या दुरा-युरोपोस या प्राचीन गावी उत्खननात अशा उपासनेचं एक घर सापडलं. इसवी सन 240 च्या आसपासचं ते घर बाहेरून शेजारच्या घरांसारखंच होतं. आत मात्र दोन खोल्यांमधली भिंत पाडून मोठी जागा केलेली होती आणि एका खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड होतं. युरोपातली उंच मनोऱ्यांची चर्चं फार पुढची.

सोलापुरात ही गोष्ट सुरू झाली आगगाडीबरोबर. अमेरिकेतल्या एका मिशनरी बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. 1831 मध्ये या मिशनने अहमदनगरला ठाणं केलं, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. पुढे ते ‘अमेरिकन मराठी मिशन’ म्हणून ओळखलं गेलं. 1860 मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली आणि त्याच दशकात चार्ल्स हार्डिंग यांनी तिथे कामाचा जम बसवला. सोलापूरकरांना हार्डिंग हे नाव ओळखीचं आहे ते मेरी बी. हार्डिंग यांच्या नावाच्या बालवाडीमुळे. रंगभवन परिसरातलं दि फर्स्ट चर्चही याच परंपरेतलं. नाताळात ते रोषणाईने उजळलं की धर्माने ख्रिस्ती नसलेले लोकसुद्धा मुलाबाळांना घेऊन तिथे जातात.

हे मिशन ज्या पंथाचं होतं तो काँग्रिगेशनल पंथ. 1620 मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून अमेरिकेला गेलेल्या लोकांपर्यंत त्याची वंशावळ जाते. या पंथात बिशप नसतो. स्थानिक मंडळी हीच सर्वोच्च. पाळक कोण, पैसा कुठे खर्चायचा, कुणाला सभासद करून घ्यायचं, हे सगळं सभासद मतदानाने ठरवतात. 1854-55 मध्ये बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन स्वतः हिंदुस्थानात आले. मंडळीने आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण भागवावा आणि आपला प्रसारही आपणच करावा, हे त्यांचं आवडतं सूत्र. नगरला त्याच सुमारास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. देशी माणसाच्या हाती मंडळी सोपवण्याची ही सुरुवात होती.

सूत्र कितीही चांगलं असलं तरी बंगल्याच्या आणि तिजोरीच्या किल्ल्या बराच काळ साहेबांकडेच राहिल्या, हेही सांगायला हवं. पाळकाचा पगार अमेरिकेतून येतो आहे तोवर मंडळीच्या मताला वजन ते किती असणार? शाळा, वसतिगृहं, जमिनी सगळं बोर्डाच्या नावावर होतं. 1961 मध्ये मूळ बोर्ड अमेरिकेतल्या दुसऱ्या एका संस्थेत विलीन झालं, इथले मिशनरी एकेक करून परतले आणि मागे राहिलेल्या मालमत्तेचे वाद महाराष्ट्रातल्या न्यायालयांत वर्षानुवर्षं चालले. त्यात ख्रिस्ती समाजाची जेवढी शक्ती गेली, तेवढी दुसऱ्या कशात क्वचितच गेली असेल. तगल्या त्या बहुतेक वर्गणीवर उभ्या राहिलेल्या मंडळ्या.

सोलापूरच्या ख्रिस्ती इतिहासात दुष्काळाचं प्रकरण टाळता येत नाही. 1876-78, 1896-97 आणि 1899-1900 या तिन्ही मोठ्या दुष्काळांनी हा जिल्हा भाजून काढला. मिशनने अन्न वाटलं, अनाथ मुलांना आश्रय दिला आणि त्यांतले अनेक पुढे ख्रिस्ती झाले. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा तेव्हापासूनचा. त्यात तथ्य अजिबात नव्हतं, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण एका दुष्काळातल्या भाकरीसाठी कुणी चार-पाच पिढ्या दर रविवारी उपासनेला येत नाही आणि त्यासाठी वर्गणीही भरत नाही.

त्याहून अवघड पान आहे सेटलमेंटचं. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत झाली आणि ती काही वर्षं अमेरिकन मराठी मिशनच्या देखरेखीखाली होती. शाळा, गिरणीतलं काम, दवाखाना हे तिथे होतंच. हजेरी आणि कुंपणही होतं. प्रेमाचा उपदेश करणारी संस्था सरकारची पहारेकरी झाली, हा विरोधाभास तेव्हाच्या मिशनऱ्यांना फारसा टोचला नाही. 1952 मध्ये कायदा रद्द झाला. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे वस्त्यांचं नाव मात्र सोलापुरात आजही चालू आहे.

मराठी मंडळीला परकेपणातून बाहेर काढलं ते गाण्याने. सुरुवातीची गीतं इंग्रजी चालींवर बेतलेली असत. मराठी शब्द त्या चालींत अवघडून बसत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रूढ केलं. पूर्वरंग, आख्यान, टाळ आणि मृदंग सगळं तेच, कथा तेवढी येशूची. मग आले नारायण वामन टिळक. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यानंतर जवळजवळ पाच वर्षांनी, स्वतः विचार करून घेतला. त्या काळात त्या माउलीने काय सोसलं ते ‘स्मृतिचित्रे’त आहे आणि ते मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. टिळकांनी अभंग, ओवी, साकी अशा घरच्या छंदांत शेकडो भक्तिगीतं लिहिली. मराठी चर्चमध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची अडीचशेच्या आसपास गीतं आहेत. एवढा मोठा वाटा एका कवीचा असलेला गीतसंग्रह दुसऱ्या भारतीय भाषेत सहजी सापडायचा नाही. आयुष्याच्या शेवटी, 1917 मध्ये, त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा येशूभक्तांचा मेळा काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही.

रविवारची उपासना साधारण दीड तासाची. घंटा, मग प्रारंभीची प्रार्थना आणि गीत. पापांगीकार होतो. स्तोत्रसंहितेतला एखादा अध्याय प्रतिवादाने वाचला जातो, म्हणजे एक ओवी पाळकाची आणि पुढची मंडळीची. जुन्या आणि नव्या करारातले पाठ बहुधा तरुण मुलं-मुली वाचतात. मग संदेश. तो किती लांबावा यावर प्रत्येक मंडळीत दोन पक्ष असतात. संदेशानंतर दानाच्या पिशव्या फिरतात. बऱ्याच मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं: भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस. ज्या समाजात पाण्याच्या घोटावरून शिवाशिव ठरत होती, तिथे एकोणिसाव्या शतकात एकाच भाकरीचे तुकडे आणि एकाच प्याल्यातला घोट घ्यायचा, ही गोष्ट भल्याभल्यांची परीक्षा पाहणारी होती. काहींनी तेवढ्यावरून माघार घेतली. जात मंडळीच्या दाराशी चपलेसारखी काढून ठेवली जाते, असा दावा आजही कुणी करू नये. सोयरीक जुळवताना ती हळूच आत येते.

तरी या भागात मंडळ्या एकाच ठशाच्या नाहीत. कुंभारीचं भौगोलिक स्थान पाहिलं की कारण कळतं. पश्चिमेकडून नगरची मराठी काँग्रिगेशनल परंपरा आली. पूर्वेकडे कलबुर्गी-बीदर हा मेथॉडिस्ट मिशनचा कन्नड मुलूख. विणकामासाठी सोलापुरात आलेल्यांचा तेलंगण तर बाप्टिस्ट आणि मेथॉडिस्ट मिशनांचं मोठं क्षेत्र; 1924 च्या नाताळात प्रतिष्ठापना झालेलं मेदकचं भव्य चर्च तिथलंच. कॅथलिक मंडळी पुणे धर्मप्रांताखाली येते. आणि पुण्याहून सोलापूरला येणाऱ्या रेल्वेमार्गावरच्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात, 1905 मध्ये प्रार्थनेची अशी लाट उठली की जगभरच्या पेंटेकोस्टल चळवळीचे अभ्यासक तिची नोंद घेतात. टाळ्या, मोठ्याने सामुदायिक प्रार्थना, आजाऱ्यावर हात ठेवणं या गोष्टी आज छोट्या मंडळ्यांत सर्रास दिसतात. त्यांचा उगम फक्त अमेरिकेतल्या टीव्ही-प्रवचनांत शोधणाऱ्यांनी केडगावचा नकाशाही उघडावा. मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही कानांवर पडणाऱ्या वस्तीत प्रार्थनेला बसलं की पहिला पेच भाषेचा पडतो. तो सहसा असा सुटतो, की गाणी आळीपाळीने आणि संदेश मराठीत.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, प्रेसबिटेरियन-काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट अशा सहा प्रवाहांनी एक चर्च केलं. बिशप आला, पण स्थानिक कारभार निवडून दिलेल्या पास्टोरेट कमिटीकडे ठेवला. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा मान्य, आणि कळत्या वयात स्वतः विश्वास कबूल करून घेतलेलाही मान्य. ही तडजोड कागदावर साधी वाटते. युरोपात याच प्रश्नावरून सोळाव्या शतकात माणसं बुडवून मारली गेली होती.

कमिटीची निवडणूक हा मंडळीच्या वर्षातला सर्वांत चुरशीचा प्रसंग. सचिव, खजिनदार, सदस्य यांच्यासाठी पॅनेलं पडतात, दारोदारी भेटी होतात, आणि एखाद्या पतपेढीच्या निवडणुकीत दिसतं ते सगळं इथेही दिसतं. बाहेरच्याला हे अधार्मिक वाटेल. पण हिशेबाचा कागद वाचून दाखवताना एखादी निवृत्त परिचारिका उठून “लाइट बिल एवढं कसं आलं?” असं विचारते, तेव्हा काँग्रिगेशनल परंपरा खऱ्या अर्थाने जिवंत असते. चर्चचा ट्रस्ट असेल तर महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त कायदा, 1950 लागू होतो. दरवर्षी हिशेबतपासणी करावी लागते, विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अहवाल द्यावा लागतो. मंडळीतली भांडणं कोर्टापर्यंत जातात ती बहुतेक वेळा याच कामातल्या आळसामुळे.

पैसा येतो तो वर्गणी, दशांश आणि खास दानातून. सुगीनंतर उपकारस्तुतीचा सण असतो. ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, कोंबडी, शिवलेलं परकर-पोलकं, घरची चटणी असं काहीही वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासना संपली की त्याचा लिलाव होतो. दहा रुपयांचा लिंबू पाचशेला जातो. घेणाऱ्यालाही ठाऊक असतं आपण लिंबू विकत घेत नाही आहोत. मिझोरमच्या ख्रिस्ती घरांत 1910 पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ तांदूळ चर्चसाठी बाजूला ठेवतात आणि तिथल्या मंडळ्यांनी त्यावर मोठी कामं उभी केली आहेत. गरिबांची संस्था गरिबांच्या पैशावर चालू शकते याचा हा पुरावा विडी कामगारांच्या वस्तीला अगदी जवळचा वाटावा.

आठवड्याचे उरलेले सहा दिवस मंडळी चालवतात त्या बायका. महिला मंडळाची सभा, आजाऱ्यांच्या भेटी, रविवारच्या शाळेतली मुलं, मयताच्या घरी पहिल्या दिवसाचं जेवण, सगळं त्यांच्याकडे. जुन्या काळी मिशनच्या पगारावर ‘बायबलबाई’ असत. वाड्यावाड्यांत जाऊन बायकांना वाचायला शिकवायचं, औषधाची माहिती द्यायची आणि जमलं तर गोष्ट सांगायची. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात या बायकांना जेमतेम एखादी ओळ मिळते. याच मिशनची, मिस सिंथिया फरार यांची नगरमधली मुलींची शाळा पाहून जोतिराव फुल्यांना पुण्यात शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, ही नोंद मात्र सर्वपरिचित आहे.

नाताळात करंज्या, चकल्या, शंकरपाळ्यांचा फराळ होतो आणि कॅरलची फेरी ढोलकी-हार्मोनियम घेऊन मध्यरात्रीपर्यंत घरोघर हिंडते. लग्न ठरलं की 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार आधी सूचना द्यावी लागते. मंडळीत ती जाहीर होते, म्हणजे कुणाची हरकत असेल तर कळावं. मयताच्या बाबतीत नव्या वसाहतींची खरी अडचण होते. दफनभूमी शहरात, जागा अपुरी, आणि वसाहतीच्या आराखड्यात तिची आठवण क्वचितच कुणाला असते. 30 हजार घरांची योजना आखताना सर्व धर्मांच्या अंत्यविधीची जागा आधी नक्की करायला हवी.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे 10 लाख 80 हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याच्याही आत होते. त्यांतला मोठा मराठी भाग पूर्वाश्रमीच्या दलित जातींतला आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना, 1956 पासून शीखांना आणि 1990 पासून बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेर राहिले. या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी केंद्राने 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. एकाच आजोबांच्या नातवंडांत एक बौद्ध म्हणून सवलत घेतो आणि दुसऱ्याला ती ख्रिस्ती म्हणून नाकारली जाते, अशी घरं सोलापूर-नगर पट्ट्यात दुर्मीळ नाहीत.

या सगळ्याचा लेखी पुरावा मंडळ्यांच्या कपाटांत पडून आहे. बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदवह्या, सभेची इतिवृत्तं, वर्गणीची पुस्तकं. दुष्काळात आलेली पोरकी मुलं कोणत्या गावची होती, गिरणी बंद पडल्यावर कोणती कुटुंबं शहर सोडून गेली, मुलीचं लग्नाचं वय पिढ्यांनुसार कसं वाढलं, हे सारं त्या पानांत आहे, आणि त्यांना वाळवी लागते आहे. सोलापूरच्या जुन्या मंडळ्यांच्या सचिवांनी यंदाच्या वार्षिक सभेत एक ठराव एवढाच करावा: सगळ्या जुन्या वह्या स्कॅन करून घ्यायच्या आणि एक प्रत विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे द्यायची. नव्या वसाहतींतल्या प्रार्थनागटांनी तर पहिल्याच बैठकीपासून एक वही घालावी.